गोधडी, बिदरी आणि रुग्णालयातील बालके

(बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील महिला मंडळे आणि बचत गट यांच्या कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठी घरात मूल जन्माला आले म्हणजे बाळंतविडा जातो. कुंची, टोपडे, झबले, लाळेरे, दुपटे या त्यातील वस्तू एके काळी बाजारातून आणीत नसत. त्या आजीच्या, मावशीच्या, आत्याच्या हातच्या असत. त्या शिवताना काही नियम कोणी न सांगता पाळले जात. कापड नवे व कडक असेल तर ते आधी दोनदा धुवून घ्यावयाचे. शिवणीची कड बाळाच्या अंगास लागणार नाही अशी ठेवावयाची. बटणाऐवजी बंद लावावयाचे, आणि तेही मानेभोवती गुंतणार नाहीत इतके आखूड. हे सारे नियम बाळाकडे पाहून ठरलेले आहेत.

याच घरांतून रुखवतही निघते. मण्यांचे तोरण, लोकरीचा पोपट, काचेच्या पेटीतील बंगला, कापसाचे ससे. त्यातही कौशल्य असते, रात्री जागवलेल्या असतात. परंतु रुखवत मांडले जाते ते पाहणाऱ्यांसाठी. लग्न आटोपले की ते माळ्यावर जाते आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच राहते. कोणी त्याची तक्रार करीत नाही, कारण त्याचे काम एका दिवसाचेच होते.

गंभीर आजाराने रुग्णालयात पडून असलेल्या बालकांना हाताने केलेल्या वस्तू द्याव्यात, हा विचार आता पुष्कळ ठिकाणी बोलला जातो. तो चांगला आहे. मात्र अशी वस्तू हाती घेताना तिची जात कोणती, बाळंतविड्याची की रुखवताची, हे आधी ठरवावे लागते. रुखवताच्या जातीची देणगी वॉर्डात गेली तर ती सिस्टरांच्या कपाटावर चढते, आणि क्वचित प्रसंगी ती मुलाला अपायही करते.

सीमाभागाच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद तालुक्यातील मुलाला साधा ताप आला तर गावचा वा तालुक्याचा दवाखाना पुरतो. ताप हटेना, अंगावर निळे डाग दिसू लागले, मूल पांढरे पडू लागले, म्हणजे बीदरच्या किंवा कलबुर्गीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो. निदान रक्ताच्या कर्करोगाचे झाले तर पुढचा प्रवास सुरू होतो. कलबुर्गीस किदवई संस्थेचे केंद्र आहे, बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. तरीही अनेक कुटुंबे हैदराबाद, बेंगळूर किंवा मुंबई गाठतात. हृदयाच्या आजारांसाठी कलबुर्गीतच जयदेव संस्थेचे ३७१ खाटांचे नवे रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, ही या भागाच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी लोहमार्ग पूर्ण झाला, त्यामुळे या दोन शहरांतील जाणे-येणे सुकर झाले. हैदराबादचा रस्ता बीदरच्या लोकांना जुनाच परिचयाचा आहे. १९५६ पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. आपल्या एका दासीच्या बाळंतपणातील मृत्यूने व्यथित झालेल्या राजकन्या निलोफर यांच्या प्रयत्नातून तेथे उभे राहिलेले, १९५३ पासून चालत असलेले निलोफर रुग्णालय आजही बालकांचे मोठे आश्रयस्थान आहे.

उपचार लाभतात, ते बरेचसे शासकीय योजनांतून लाभतात. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२३ मध्ये बेळगाव, कारवार, बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांतील ८६५ मराठीभाषक गावांतील रहिवाशांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय घेतला. शस्त्रक्रिया, औषधे, खाट यांचा खर्च अशा योजना उचलतात. परंतु मुलाबरोबर जाणाऱ्या आईचा रोजगार बुडतो, बापाला शेत बटाईने द्यावे लागते, मागे राहिलेल्या दोन भावंडांना मामाकडे ठेवावे लागते, परक्या शहरात राहण्याची व पोटाची सोय पाहावी लागते. या गोष्टींची भरपाई कोणत्याही योजनेच्या कागदावर पूर्णपणे बसत नाही. आणि हा खर्च एका वेळचा नसतो. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतो. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे.

परिणामी एक गोष्ट घडते, जिचा उच्चार गावात फारसा होत नाही. उपचार मध्येच सुटतात. मूल थोडे बरे दिसू लागते, केस पुन्हा येतात, भूक लागते. पेरणी तोंडावर आलेली असते. घरी वाटते, आता पुरे. काही महिन्यांनी आजार उलटतो आणि तेव्हा वैद्यांच्या हाती फारसे उरलेले नसते. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीन कर्करोगाने आजारी पडतात. संपन्न देशांत त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या कार्यक्रमात २०३० पर्यंत हे प्रमाण सर्वत्र किमान ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ही तफावत केवळ औषधांच्या अभावामुळे नाही. निदानास होणारा उशीर आणि अर्ध्यावर सुटलेले उपचार हीही तिची मोठी कारणे आहेत.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तेथील बालविभागात एके काळी साधारण पाच मुलांमागे एक मूल उपचार सोडून जात असे. २०१० च्या सुमारास या विभागाने कुटुंबांच्या निवासाची, आहाराची, प्रवासाची, समुपदेशनाची व्यवस्था एका सूत्रात बांधली. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या बालनिवासांसारख्या ठिकाणी परगावच्या कुटुंबांना विनामूल्य राहता येऊ लागले. उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण त्यानंतर वीस मुलांमागे एकाच्या आसपास आले. औषधे तीच, डॉक्टर तेच. फरक पडला तो खाटेभोवतीच्या व्यवस्थेने.

हातच्या वस्तूचे स्थान या खाटेभोवतीच्या व्यवस्थेत आहे. ती कर्करोग बरा करीत नाही. दुसऱ्या वर्षाच्या अकराव्या फेरीला मुलाने आणि त्याच्या आईने पुन्हा बसमध्ये चढावे, या कामी तिचा उपयोग किती, एवढेच पाहावयाचे.

प्रथम गोधडीचा विचार करू. या भागात घरोघरी गोधडी आहे. कन्नड घरांत तिला कौदी म्हणतात, कोठे वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, परकर एकावर एक घालून धावदोऱ्याने ती शिवली जाते. दोन्ही जिल्ह्यांत भाषेची सरमिसळ आहे तशीच गोधडीतही आहे: इरकली काठ आणि नऊवारीचा पदर एकाच चौकटीत शेजारी येतात, आणि कोणता तुकडा कोणत्या भाषेच्या घरातून आला हे शिवणारीलाही सांगता येत नाही.

अमेरिकेत हाताने केलेली पांघरुणे आजारी मुलांना देण्याची एक चळवळ १९९५ साली सुरू झाली. रक्ताच्या कर्करोगावरील उपचार घेणाऱ्या एका लहान मुलीला तिच्या पांघरुणाचा किती आधार वाटला, हा मजकूर एका नियतकालिकात वाचून डेन्व्हरजवळच्या कॅरेन लाऊक्स या बाईंनी जवळच्या कर्करोग केंद्रातील मुलांसाठी पांघरुणे जमविण्यास आरंभ केला. पांघरूण सोबत घेऊन हिंडणाऱ्या लायनस या व्यंगचित्रातील मुलाच्या नावावरून या कामाला 'प्रोजेक्ट लायनस' हे नाव मिळाले. आजवर त्या संस्थेने लाखो पांघरुणे मुलांपर्यंत पोहोचविली आहेत. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत: वस्तू नवी असावी, धुता येणारी असावी, तिच्यात टाचणी राहू नये, धूम्रपान होत असलेल्या घरातून ती येऊ नये. बाळंतविड्याचे नियम आणि हे नियम यांचे गोत्र एकच आहे, हे भगिनींच्या ध्यानात आलेच असेल.

आपल्या नेहमीच्या गोधडीला मात्र वॉर्डात जाण्यापूर्वी थोडे बदलावे लागेल. कर्करोगाच्या औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि मुलाची रोगप्रतिकारशक्ती काही काळ फार खालावते. अशा वेळी साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. सात-आठ थरांची जाड गोधडी उबदार खरी, पण ती नीट धुतली जात नाही, आणि धुतली तर पावसाळ्यात चार दिवस वाळत नाही. ओलसर राहिलेल्या थरात बुरशी धरते. म्हणून रुग्णालयासाठीची गोधडी दोन, फार तर तीन थरांची असावी. कलबुर्गीचा उन्हाळा पाहता तेवढी पुरेही. कापड निव्वळ सुती, रंग न जाणारे. पहिल्या धुण्यात रंग सोडणारे कापड वगळावे. कारण घाम, औषध आणि उलटी यांनी ते रोज भिजणार आहे. कडक पाण्यात धुवून, उन्हात खडखडीत वाळवून, घडी करून ती स्वच्छ पिशवीत बंद करावी. लोकर टाळावी, उपचारांनी केस गेलेल्या डोक्याला आणि कोरड्या पडलेल्या त्वचेला ती टोचते.

जुन्या लुगड्याचे काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. जुन्या सुती लुगड्याचा मऊपणा नव्या कापडाला येत नाही आणि गोधडीचा जीव तर त्यातच आहे. तरीही अनोळखी घरातील जुने कापड आजारी मुलाच्या खाटेवर जाऊ नये, हेच योग्य. मुलाच्या आजीचे लुगडे असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. मग ते उकळून घ्यावे आणि गोधडीच्या एका चौकोनात बसवावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी 'फुले' लावतात; त्यांवाचून गोधडी उघडी राहते, असे त्या मानतात. आजीच्या लुगड्याचा तुकडा हे तसेच एक फूल समजावे.

माप सांगावयाचे तर एक मीटर रुंद व दीड मीटर लांब एवढे पुरते. याहून मोठी गोधडी खाटेवरून लोंबते, जमिनीला लागते, आणि ज्या स्टँडवर सलाईन टांगलेले असते त्याच्या चाकांत अडकते.

आता लमाणी भरतकामाविषयी. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे तांड्यांवरील पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना घरजागेचे हक्कपत्र देण्यात आले, यावरून या वस्तीचा विस्तार लक्षात येईल. येथील स्त्रियांच्या फेट्या-कांचळीवरील काम डोळे दिपविणारे असते: आरसे, कवड्या, नाणी, मणी, लोकरीचे गोंडे. हे काम जसेच्या तसे वॉर्डात नेता येत नाही. आरसा फुटतो, मणी सुटतो आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हातातील प्रत्येक सुटलेली वस्तू तोंडात जाते. परंतु आरसे आणि कवड्या बाजूस ठेवल्या तरी टाका उरतो. रंगीत सुताचे ते दाट टाके आणि कापडावर कापड जोडण्याची ती रीत एका फार उपयोगी वस्तूसाठी वापरता येईल.

सीमाभागातील मूल परगावच्या रुग्णालयात गेले म्हणजे त्याची भाषा हरवते. औरादच्या मुलाला मराठी येते, तांड्यावरच्या मुलीला गोरमाटी; हैदराबादच्या वॉर्डात तेलुगू व उर्दू, बेंगळुरात कन्नड, आणि केसपेपरवर इंग्रजी. दुखते कोठे, किती, पाणी हवे की मळमळते, हे सांगता येत नाही. मूल रडते किंवा अजिबात बोलत नाही. न बोलणारे मूल शांत आहे असा समज होतो. मुलांच्या वेदनेचे मोजमाप करण्यासाठी अमेरिकेतील डोना वाँग व कॉनी बेकर या दोघींनी १९८० नंतरच्या काही वर्षांत सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली. पहिला चेहरा हसरा, शेवटचा अश्रू ढाळणारा. मुलाने बोट ठेवावयाचे. जगभरातील बालविभागांत ती वापरली जाते. अशा चेहऱ्यांसोबत पाणी, आई, लघवी, उलटी, पोट, डोके, दिवा बंद करा अशा चित्रांची चार पानांची कापडी पुस्तिका तांड्यावरच्या भगिनी सहज करू शकतील. चित्राखाली मराठी व कन्नड शब्द. तेलुगूही घालता आला तर उत्तम. पाने धुता यावीत, कागद कोठेही नसावा. चेहरे कसे असावेत हे मात्र रुग्णालयाकडूनच घ्यावे, कारण वेदना मोजण्याच्या साधनात आपल्या कल्पनेने फेरफार करणे बरे नव्हे.

आणखी एक वस्तू आहे, जी कोणाच्याही रुखवतात कधी दिसली नसेल. कागदांची पिशवी. लांबच्या उपचारांत आईच्या हातात केसपेपर, रक्ताचे अहवाल, एक्स-रे, आधार कार्ड, शिधापत्रिका, योजनेचे पत्र, रक्तपेढीची चिठ्ठी असा गठ्ठा असतो. तो दुकानातल्या पातळ पिशवीत चुरगळतो, पावसात भिजतो आणि एक कागद हरवला की एक दिवस वाया जातो. एक्स-रे मावेल एवढी, खण पाडलेली, आतून मेणकापड लावलेली, गळ्यात तिरकी अडकविता येईल अशी जाड कापडाची पिशवी कोणत्याही शिवणवर्गात दोन दिवसांत होते. दोन्ही हात मोकळे राहिले म्हणजे मुलाला कडेवर घेता येते. या वस्तूचा कोणी गौरव करणार नाही, पण ती दोन-तीन वर्षे रोज वापरली जाईल.

लहान मुलांच्या झबल्यांविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. ज्या मुलाच्या छातीतून वा दंडातून औषधाची नळी घातलेली असते, त्याला डोक्यावरून कपडा घालता येत नाही. पुढून उघडणारे, खांद्यावर व बाहीवर बंद असलेले झबले हवे. बाळंतविड्यातील झबले जवळजवळ तसेच असते, फक्त ते दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचे कोणी शिवीत नाही. आणि दहा वर्षांच्या मुलाला झबले म्हटलेले आवडणार नाही. त्याला सदरा म्हणावे.

आता बिदरीकडे वळू. बीदरचे नाव देशोदेशी गेले ते या कामामुळे. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करून तिच्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या खाचेत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने धातू कायमचा काळा होतो व चांदी मात्र तशीच उजळ राहते. या कलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले आहे आणि बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

बिदरीची वस्तू आजारी मुलाच्या हातात देण्याजोगी नाही. ती जड आहे, तिला टोके आहेत, आणि धातूची वस्तू मुलाने चोखावी हे कोणाही डॉक्टरला रुचणार नाही. तिची वाट बाजारातून जाते. हाताची कला विकून मुलांसाठी पैसा उभा करण्याची परंपराही जुनी आहे. युनिसेफची शुभेच्छापत्रे सर्वांना ठाऊक आहेत. १९४९ च्या त्यांच्या पहिल्या पत्रावर चेकोस्लोव्हाकियातील सात वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र होते. महायुद्धानंतर तिच्या गावाला मदत मिळाली, त्याबद्दल तिने ते कृतज्ञतेने धाडले होते. घरात कागद नसल्यामुळे तिने ते काचेवर काढले होते, असे सांगतात. मुंबईत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आपल्या पुनर्वसन केंद्रात रुग्णांना व त्यांच्या नातलगांना हस्तव्यवसाय देऊन त्या वस्तूंची विक्री चालविली आहे. तेथे काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो, हे विशेष.

हे विशेष म्हणण्याचे कारण असे, की धर्मादाय विक्री म्हटली की कारागिराकडे वस्तू फुकट मागण्याची एक वाईट सवय आपल्याकडे आहे. बिदरीचा कारागीर जस्त विकत घेतो, चांदी विकत घेतो, आणि चांदीचा भाव त्याच्या हातात नाही. त्याच्या मुलाचे आजारपणही याच रुग्णालयात होते. दान घेणारा कोण आणि देणारा कोण, हे अशा वेळी उलटसुलट होऊन बसते. म्हणून विक्रीच्या वस्तूवर तीन आकडे स्पष्ट लिहावेत: कच्च्या मालाचा, कारागिराच्या मजुरीचा आणि बालकांच्या निधीचा. दान करावयाचे ते गिऱ्हाइकाने, तिसऱ्या आकड्यात. देवल गाणगापूर आणि माणिकनगर येथे दत्तजयंतीस महाराष्ट्रातून यात्रेकरू मोठ्या संख्येने येतात. पितळी समया आणि प्रसादाच्या पुड्यांबरोबर बिदरीची एखादी डबी वा पेन ठेवण्याचे पात्र ते आनंदाने नेतील. निधी रोख वाटू नये. बसचे भाडे, धर्मशाळेचे शुल्क, आईचे दोन वेळचे जेवण यांवर तो रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्यांमार्फत खर्च व्हावा आणि जमाखर्च दर तिमाहीस गटाच्या फळ्यावर लागावा. पैशांचा हिशेब फळ्यावर असला म्हणजे कुजबुजीला जागा उरत नाही.

आजारी मूल हे केवळ घेणारे असते, असे समजण्याचेही कारण नाही. हिरोशिमाच्या सादाको सासाकीची हकीगत शाळकरी मुलांनाही माहीत आहे; तिचा एक भाग मात्र क्वचित सांगितला जातो. अणुबाँब पडला तेव्हा ही मुलगी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ती रेडक्रॉस रुग्णालयात दाखल झाली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नागोया येथील शाळकरी मुलींनी रुग्णांच्या दिलाशासाठी रंगीत कागदाचे क्रौंच पक्षी घडी करून रुग्णालयात पाठविले. ते पाहून सादाको स्वतः पक्षी करू लागली. कागद मिळेना तेव्हा औषधांच्या वेष्टनांचे पक्षी तिने केले. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली. तिच्या सोबत्यांनी चालविलेल्या प्रयत्नांतून १९५८ मध्ये हिरोशिमात बालकांचे शांतिस्मारक उभे राहिले. परगावाहून आलेल्या देणगीने त्या मुलीच्या हाताला काम दिले होते.

म्हणून गोधडीच्या पिशवीत रंगीत कागदाचे दहा चौकोन घालावेत. कागदाची वस्तू वॉर्डाच्या दृष्टीने सोयीचीही आहे. ती एकाच मुलाची राहते, मळली की टाकून देता येते, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू नेत नाही. कापूस भरलेली बाहुली तशी नाही. ती सुंदर दिसते, पण आतून धुता येत नाही आणि वॉर्डात फिरते. कागदाची होडी, भिरभिरे, टोपी, उडणारा पक्षी हे एका वहीच्या पानात होते. रात्री जागणाऱ्या आईलाही ते हवे असते, हे वॉर्डात एक रात्र काढलेल्या कोणालाही विचारावे.

कामास आरंभ करताना गटाने शिवणयंत्राजवळ बसण्यापूर्वी रुग्णालयात जावे. भेट अधिष्ठात्यांची घ्यावी, परवानगी लेखी घ्यावी. परंतु खरी यादी बालविभागाच्या मुख्य परिचारिकेकडून मिळेल. किती मुले, कोणत्या वयाची, कोणत्या वस्तूंची वाण, कोणत्या वस्तू आधीच कपाटभर पडून आहेत, हे तिला ठाऊक असते. ती म्हणेल की गोधड्या नकोत, पायमोजे हवेत. तर पायमोजे करावेत. वस्तू देताना छायाचित्र काढण्याचा आग्रह धरू नये. केस गेलेल्या, सुजलेल्या मुलाला आपण कसे दिसतो हे कळते, आणि ते चित्र पुढे कोठे कोठे फिरेल हे त्याच्या आईला कळत नाही. गटाच्या अहवालाला वस्तूंची संख्या व सिस्टरांची पोचपावती पुरेशी आहे.

दिलेली वस्तू परत मागू नये, वॉर्डातच राहावी असाही नियम करू नये. गोधडी मुलाबरोबर घरी जावी. काही मुले घरी परतत नाहीत. त्यांची गोधडी त्यांच्या आईबरोबर जाईल, आणि ती धुवावी की धुवू नये हे ती ठरवील.

देण्याच्या रीतीविषयी शेवटी एक सूचना. रुग्णालयात मुलाला काहीही निवडता येत नाही. सुई कोणत्या हाताला, जेवण काय, दिवा केव्हा मालवावयाचा, घरी केव्हा जावयाचे, सारे दुसरेच ठरवितात. म्हणून एका मुलासाठी एक गोधडी पुढे करू नये. तीन वेगवेगळ्या रंगांच्या गोधड्या, त्यांच्या बंद पिशव्यांतच, खाटेच्या पायथ्याशी ठेवाव्यात, मुलाचे बोट कोणत्या रंगाकडे जाते ते पाहावे, आणि उरलेल्या दोन सिस्टरांनी उचलून पुढच्या खाटेकडे न्याव्यात.